जहाजावर व्याख्यानमाला का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात क्रूझच्या पॅकेजची अर्धं पान जाहिरात बघितली आणि दीड वर्ष मनात साठलेलं एकदाचं लिहून काढायचं ठरवलं. सातारची बाई समुद्राबद्दल काय लिहिणार असं वाटेल, पण क्रूझवर हल्ली आपल्याकडची माणसं भरपूर असतात हो, रिटायर झालेली, फंडातले थोडे पैसे बाजूला काढून नातवंडांना घेऊन आयुष्यात एकदा तरी म्हणून जाणारी. मीपण तशीच गेले. पोस्टातनं रिटायर झाले, मग मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि मी, मुंबई ते गोवा, एका रात्रीचा प्रवास. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एकट्या त्यांच्यावर राग नाही, जाऊन आलेल्या दोन-तीन मैत्रिणींना विचारलं तर सगळ्यांचा अनुभव सारखाच निघाला.

जहाज छानच होतं. जेवण चांगलं, स्वच्छता चांगली, क्रूची पोरं अगदी गोड बोलणारी. संध्याकाळी जहाज बंदरातनं बाहेर पडलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या डेकवर होतो, उजव्या हाताला कुलाब्याचं टोक मागं पडत होतं, तिथं भर पाण्यातच एक दीपगृह उभं दिसलं, आणि पुढं अंधार पडता पडता डावीकडं लांबवर एका बेटावर दिवा लुकलुकायला लागला. नात म्हणाली, आजी ते काय गं? मला सांगता येईना. शेजारी पुण्याचे एक काका होते त्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही, क्रूच्या मुलाला विचारलं तर तो मणिपूरचा, त्याला कुठनं माहीत असणार, मग खाली जाऊन काउंटरवर विचारलं तर त्यांनी कार्यक्रमांचा कागद हातात दिला. तंबोला, डान्सचा क्लास, जादूचे प्रयोग, लहान मुलांचं फेस पेंटिंग, रात्री डीजे. आम्ही तंबोला खेळलो, मजाही आली, खोटं कशाला बोलू. पण पोरीचा प्रश्न तसाच राहिला.

घरी आल्यावर नकाशा घेऊन बसलो. पाण्यातलं ते दीपगृह प्राँग्सचं, 1875 सालचं. आणि ते बेट होतं खांदेरी! शिवाजी महाराजांनी 1679 साली मुंबईच्या इंग्रजांच्या तोंडासमोर ज्या बेटावर तटबंदी उभी करायला घेतली, इंग्रजांनी गलबतं पाठवून अडवायचा प्रयत्न केला, समुद्रात लढाया झाल्या तरी काम थांबलं नाही, ते खांदेरी. 2025 साली युनेस्कोच्या यादीत जे 12 किल्ले गेले त्यात आपल्या जिल्ह्याचा प्रतापगड आहे आणि खांदेरीही आहे, म्हणजे त्या दिवशी सगळ्या सातारा जिल्ह्यानं पेढे वाटले त्याच यादीतल्या किल्ल्यासमोरनं आम्ही गेलो आणि आम्हाला पत्ता नाही. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. नातीला दाखवायची केवढी मोठी गोष्ट डोळ्यासमोरनं गेली.

आणि हे किनाऱ्यावरच्याच लोकांचं आहे, घाटावरच्यांना काय त्याचं, असं कुणी म्हणू नये. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या बाजूला होते, त्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं होतं. मग 1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन कान्होजींकडं पाठवलं, त्यांनी बोलणी करून आंग्र्यांना महाराजांच्या बाजूला आणलं, सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कान्होजींकडंच राहिलं. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर ज्या आरमाराला इंग्रज पोर्तुगीज सगळे वचकून होते त्याची दोरी इथं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी येऊन मिळाली होती. ही गोष्ट भर समुद्रात, अंधारात, वारा अंगावर घेत ऐकायला मिळाली तर? मी तरी जेवण सोडून बसेन.

आपल्याकडं हे होत नाही असं पण नाही. बामणोलीला जा. तिथनं वासोट्याला बोटीनं जाताना नावाडी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगतो की इथं खाली आमचं जुनं गाव होतं, तिकडं देऊळ होतं, धरणाचं पाणी आलं तेव्हा माझा आजा भांडीकुंडी घेऊन वर चढला. त्याला कुणी ट्रेनिंग दिलेलं नाही. पण दीड तासात शिवसागर, कोयना धरणाचा तो जलाशय, म्हणजे नुसतं पाणी राहत नाही, त्याच्या खालची शेतं दिसायला लागतात माणसाला. कोयनेच्या बोटीत जे फुकट मिळतं ते हजारो रुपयांच्या तिकिटात का मिळू नये?

बाहेरच्या देशात जहाजावर शिकणं ही फार जुनी आणि नेहमीची गोष्ट आहे. भाचा तिकडं असतो, त्याच्याकडनं कळलं आणि मग मी स्वतः वाचत गेले. क्वीन मेरी 2 म्हणून जहाज आहे, 2004 सालापासून चालतंय, त्याच्यावर तारांगण आहे, जहाजावरचं जगातलं पहिलं, मोठी लायब्ररी आहे, आणि इंग्लंड ते न्यूयॉर्कच्या सात रात्रींच्या प्रवासात रोज व्याख्यानं असतात, इतिहासावर, खगोलावर, कशाकशावर. अमेरिकेत तर 1963 पासून कॉलेजची मुलं जहाजावर अख्खं सेमिस्टर करतात, साधारण शंभर दिवस, बंदर येईल तिथं उतरून तो देश बघायचा आणि परत वर्गात बसायचं. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजांवर शास्त्रज्ञ मंडळी बरोबर असतात, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं हे आधी शिकवतात, एका वेळी शंभरपेक्षा जास्त लोक किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि प्रवाशांनी काढलेले देवमाशांच्या शेपटीचे फोटो पुढं संशोधनाला वापरतात, कारण हंपबॅक जातीच्या देवमाशांत शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशासारखी. म्हणजे पैसे भरून फिरायला आलेला माणूस चार दिवसांत विज्ञानाला हातभार लावून जातो.

यात खर्च किती, असं मुलगा म्हणाला. तर बऱ्याच कंपन्या व्याख्यात्याला मानधन सुद्धा देत नाहीत, केबिन आणि जेवण देतात, त्या बदल्यात त्यानं प्रवासात चार-पाच व्याख्यानं द्यायची. हे वाचलं आणि मला एकदम आपले कर्मवीर अण्णा आठवले, कमवा आणि शिका. आपल्या जिल्ह्यात रयतचे रिटायर झालेले इतिहासाचे, भूगोलाचे, विज्ञानाचे मास्तर किती आहेत, वर्गात उभे राहिले की आजही शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो असे. घराघरात फौजी असलेला जिल्हा आहे हा, नेव्हीतनं रिटायर झालेलेही आहेत. यातल्या कुणाला एक केबिन दिली तर जहाजाचं काय जातं?

विषय तर किती निघतील. दिव्यांचंच घ्या. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते, किती सेकंदांनी किती वेळा लुकलुकणार ते खलाशांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्यावरनं त्यांना अंधारात कळतं आपण कुठं आहोत. डेकवर दहा मुलांना बसवा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावायला सांगा, सेकंद मोजू द्या, हातात यादी द्या आणि विचारा कुठला दिवा. माझी नात रात्री बारापर्यंत जागली असती हो! दुसरं पाण्याचं. माझं माहेर माणमधलं, बाहत्तरच्या दुष्काळात डोक्यावर हंडे घेऊन चाललेली मी, आणि जहाजावर नळ सोडला की गोडं पाणी. कुठनं येतं? समुद्राच्या पाण्यातनं मीठ काढून जहाजावरच तयार करतात, काही ठिकाणी इंजिनाची उष्णता वापरून हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत पाणी उकळतात, दाब कमी असला की पाणी शंभर डिग्रीच्या बरंच आधी उकळतं, काही ठिकाणी बारीक पडद्यातनं जोरानं ढकलतात. हे मला घरी येऊन वाचावं लागलं. जहाजावरच्या इंजिनिअरनं अर्धा तास येऊन सांगितलं असतं तर दुष्काळी भागातनं आलेल्या प्रत्येक माणसानं कान टवकारून ऐकलं असतं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळांचं मोठं पठार आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजींच्याच घराण्याचं. मुंबई-गोवा करणाऱ्या किती जणांना माहितीय? मला नव्हतं माहीत.

सुट्टीत परत शाळा कशाला, असं काही जण म्हणतील, माझा मुलगाही तेच म्हणाला. पण आपली माणसं आवडीनं व्याख्यानाला जातात हे मी लहानपणापासनं बघतेय. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 ला, म्हणजे प्राँग्सचं दीपगृह आणि ती एकाच वयाची. तेव्हापासून उन्हाळा आला की गावोगाव माणसं लवकर जेवून सतरंजीवर येऊन बसतात, वाईला बसतात, आमच्या सातारला बसतात, कुणी जबरदस्ती करत नाही. जहाजावर पण नको असेल त्यानं डीजेला जावं. दोन्ही असावं एवढंच म्हणणं आहे. आणि मराठीत असावं, किंवा मराठीत पण असावं, कारण जहाजावर जे काही सांगितलं गेलं ते सगळं इंग्रजी-हिंदीत होतं आणि माझ्यासारख्या बऱ्याच बायका नुसत्या मान हलवत होत्या.

केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये क्रूझ भारत मिशन जाहीर केलंय, मुंबईत क्रूझचं नवीन टर्मिनल झालंय, म्हणजे प्रवासी वाढणारच. टर्मिनलच्या चर्चेत लोक किती येणार, पैसा किती येणार हे सगळं वाचलं, पण जहाजात बसलेल्या माणसाला आपण कशासमोरनं जातोय ते कोण सांगणार, हे कुठं दिसलं नाही. नियम नका करू, निदान परवानग्या देताना कंपन्यांना विचारा तरी की किनाऱ्याची माहिती देणारा एक माणूस तुमच्या जहाजावर आहे का.

माझ्याकडनं एक काम मी सुरू केलंय. मुंबई ते गोवा किनाऱ्याचा एक पानी नकाशा करतेय, मराठीत, मोठ्या अक्षरात. खांदेरी, अलिबागचा कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, कुठलं दीपगृह कुठं, जहाज बंदरातनं निघाल्यावर आधी कुठल्या हाताला काय येतं. अंधारात आणि लांबनं सगळं दिसत नाही हे मला माहितीय, म्हणूनच कागद हातात पाहिजे. किल्ल्यांची माहिती आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तपासून देतायत, चित्रं नात काढतेय. दिवाळीनंतर क्रूझचा सीझन रंगात येतो, त्याच्या आधी हा नकाशा तुमच्या रविवारच्या पुरवणीत छापता येईल का ते कळवावं, म्हणजे जाणाऱ्यांना कापून बरोबर नेता येईल. पैसे नकोत. नातीचं नाव मात्र खाली बारीक का होईना, टाका.

आपली,
एक नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा