वर्ग सुरू करण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मुलांना शिकवायच्या तुमच्या वर्गासाठी ऐरोलीच्या सोसायटीचा हॉल संध्याकाळी साडेपाच ते सात मिळाला, हे उत्तम झालं. पण बाबा, मुलांचा गृहपाठ करून घ्यायचा तुमचा बेत मला पटत नाही. गृहपाठात दीड तास कुठे जातो कळत नाही, आणि ज्याला वाचताच येत नाही तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून मोकळा होतो. शेवटची वीस मिनिटं गृहपाठाला, बस.

पहिल्या दिवशी इयत्ता विचारू नका, वाचायला द्या. 'प्रथम' या शिक्षणसंस्थेची 'असर' ही वाचनाची चाचणी पुरेशी आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मात्र बालभारतीतला धडा देऊ नका. तो पाठ असतो. बोट भलत्याच शब्दावर आणि तोंडाने घडाघडा चालू! जी पातळी नीट जमते तो त्या मुलाचा गट. पाचवीतला तिसरीतल्यांबरोबर बसला तरी बिघडत नाही. दर महिन्याला पुन्हा तपासा आणि गट बदला, नाहीतर तो गट म्हणजे शिक्काच होतो. माणशी दहा मुलं, म्हणजे तुम्हा दोघांना वीस. एकविसाव्याचं नाव प्रतीक्षा यादीत लिहून ठेवा. आई, तुला नाही म्हणवणार नाही, म्हणून आधीच सांगते.

गणित तुझ्याकडे घे. आपल्या संख्यानामांत एकक आधी ऐकू येतं, म्हणून 'त्रेपन्न' म्हटलं की मूल आधी ३ लिहितं, मग ५, झाले ३५. एकोणपन्नासचे तर ५९ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आलं तेव्हा लोक हसले, पण अडकलेल्या मुलाला ते खरंच उपयोगी पडतं. दोन्ही नावं म्हणून घे.

वजाबाकीत ५२ मधून ३८ गेले की उत्तर २६ येतं, कारण मूल प्रत्येक घरात लहान आकडा मोठ्यातून वजा करतं. हातच्याचा नियम घोकून हे जात नाही. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आण, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांध. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून ३८ मागितले की एक गठ्ठा सोडावाच लागतो. तो मुलाने स्वतः सोडायचा. काड्या बाजूला ठेवायची घाई करू नकोस.

मुली मध्येच उठून गेल्या तर रागावू नका. आधी घरी पाणी किती वाजता येतं ते विचारा. काही जणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतील, त्याला कोपऱ्यात चटई आणि खडू द्या. वह्या हॉलमध्येच राहू देत, घरी गेल्या की हरवतात. गौरी-गणपतीत आणि मे महिन्यात निम्मी मुलं गावाला असतील, तेव्हा नवं काही सुरू करू नका.

आठवीतल्यांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे: नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि अर्ज शाळेमार्फतच जातो. मुलं अभ्यासापेक्षा उत्पन्नाच्या दाखल्यापायी जास्त राहून जातात, म्हणून दाखल्याचं जूनमध्येच मागे लागा.

दोघांपैकी एकानेच कधी वर्ग घेऊ नका, दार उघडं ठेवा. आणि हॉलची दुसरी चावी करून घ्या. एक दिवस कुलूप दिसलं की पुढचे चार दिवस निम्मी मुलं फिरकत नाहीत.

तुमची लेक