बाप्तिस्मा झाला की नाही झाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरला आम्हा ख्रिस्ती लोकांची आठवण येते ती नाताळात, तीही केक आणि कॅम्पातली लायटिंग एवढ्यापुरती, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमच्या घरात दोन महिने भांडण चालू आहे. माझा पुतण्या आयटीत आहे, रात्र रात्र जागून परदेशातल्या परंपरावादी, म्हणजे जुने लॅटिन विधीच खरे मानणाऱ्या कॅथलिकांचे व्हिडिओ बघतो आणि आता म्हणतो की १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी बिशपच्या दीक्षाविधीतले शब्द बदलले तिथेच येशूच्या शिष्यांपासून हातोहात आलेली बिशपांची साखळी तुटली, म्हणजे नंतरचे बिशप खरे नाहीत, त्यांनी दीक्षा दिलेले फादर खरे नाहीत, मग त्यांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही न् कन्फेशनही (फादरांपुढे पापं कबूल करणं) नाही. माझी आई ८६ वर्षांची. हे ऐकून ती मला विचारते, अरे मग इतकी वर्षं मी पापं सांगितली ती कुणाला? त्या रात्री ती जेवली नाही.

बाकी वाचकांना हे विचित्र वाटेल. गुरुजींचा एखादा मंत्र चुकला म्हणून वीस वर्षांनी लग्न लागलंच नव्हतं असं कोणी म्हणत नाही. पण आमच्यात शब्दाला खरंच वजन आहे, पोराला अगदीच वेड्यात काढता येत नाही. २०२० मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, सांगितलं की ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलं तर बाप्तिस्मा होत नाही. (पुण्यात तर ऊठसूट ‘आम्ही’!) ते वाचून अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका फादरांच्या लक्षात आलं की आपल्याच बाप्तिस्म्याच्या जुन्या व्हिडिओत ‘आम्ही’च आहे. म्हणजे बाप्तिस्मा नाही, म्हणून २०१७ची दीक्षाही नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागलं बिचाऱ्याला. पण तिथे पुरावा होता आणि निर्णय चर्चने दिला, कुठल्या चॅनलवाल्याने नाही.

आता पुतण्या ज्यांना मानतो ते या परंपरावाद्यांचे फ्रेंच पुढारी, आर्चबिशप मार्सेल लफेव्र. त्यांनी १९८८ साली पोपची परवानगी नसताना स्वित्झर्लंडमध्ये चार बिशप केले. रोमने त्यांना बहिष्कृत केलं, पण ते बिशप झालेच नाहीत असं मात्र म्हटलं नाही. घरच्यांना न विचारता केलेलं लग्न, तरी लग्न ते लग्नच, तसं. आणि गंमत बघा, त्यांच्याहूनही कडक असलेले काही लोक म्हणतात की लफेव्रना दीक्षा देणारे कार्डिनल लिएनार फ्रीमेसन (चर्चने निषिद्ध ठरवलेल्या एका गुप्त मंडळाचे सभासद) होते, त्यांच्या मनात दीक्षा द्यायचा हेतूच नव्हता, त्यामुळे लफेव्रसुद्धा खरे नाहीत! मी पुतण्याला म्हटलं, आता बोल. तर म्हणे काका तो अपप्रचार आहे. म्हणजे आपला तो संशय आणि दुसऱ्याचा तो अपप्रचार.

हे सगळं तापलं ते माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्यावरून. पुतण्याचा हट्ट की फादरच संशयास्पद, तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा ‘झाला नसेल तर’ अशी अट घालून परत करा. अरे पण बाप्तिस्म्याला फादरच लागतात असंही नाही! अडीअडचणीला कोणीही देऊ शकतं, तुमचा एखादा हिंदू वार्ताहरसुद्धा, फक्त पाणी, ते शब्द आणि चर्च जे करतं ते करायचा हेतू पाहिजे. हा नियम नवा नाही, जुन्या लॅटिनवाल्यांचाच आहे. आणि झालेला बाप्तिस्मा परत करायचा नसतो, हाही त्यांचाच.

शेवटी फादरच म्हणाले, व्हिडिओ आहे ना, आणा. फॅमिली ग्रुपवर होताच. पाच जणांनी डोकी एकत्र करून मोबाईल कानाला लावला, बाळ रडतंय, मागे कुणाचा तरी फोन वाजतोय, पण फादरांचा ‘मी’ स्वच्छ ऐकू येतो. मला वाटलं, सुटलो. पुतण्याने तो तुकडा तीनदा मागे घेऊन बघितला आणि म्हणाला, काका, शब्द ठीक आहेत, पण पाणी कपाळावरून वाहिलेलं दिसत नाही, नुसतं टेकलंय.

आपला,
एक कॅथलिक वाचक, वडगाव शेरी, पुणे