माकलाला दहा असतात

प्रिय शमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. फोनही तूच केलास, आणि मी वर्गात आहे म्हणून ठेवून दिला. रागावली असशील, हक्कच आहे तुझा. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझा खोकला गेला.

तुझा तांबडा आंबा आठवतो? तिसरीत तू आंब्याची पानं तांबडी रंगवलीस आणि बाईंनी वही वर धरून सगळ्या वर्गाला विचारलं, "पानं कधी तांबडी असतात का?" खिडकीबाहेरच्या झाडाला तेव्हा नवी पालवी फुटलेली, अगदी तुझ्या रंगाची. एकानेही मान वळवून बघितलं नाही. मीसुद्धा नाही. शमे, गेल्या आठवड्यात त्या बाई मी झाले.

चौथीला समुद्रातले प्राणी घेतलेत. आधी वाचायचं, मग चित्र काढायचं, मग त्याखाली पाच ओळी लिहायच्या. पोरं खूश आहेत. देवमासा हा मासाच नाही, पिल्लांना दूध पाजतो, यावर दोन दिवस चर्चा चालली. पापलेटला २०२३ साली राज्यमासा केलं म्हटल्यावर तर बांगड्याच्या बाजूने मोर्चाच निघायचा बाकी होता. तू नक्की त्यात पुढे असतीस!

मग ऑक्टोपस वाचला. तीन हृदयं, निळं रक्त, आठ हात. म्हटलं, काढा. रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जाणाऱ्या घरातला एक मुलगा आहे, वाचताना फार अडखळतो. त्याने दहा काढले. मी मोजले आणि जास्तीच्या दोनांभोवती लाल गोल केला. तो म्हणाला, "बाई, माकलाक धा आसतत." पोरं हसली. मी म्हटलं, पुस्तकात बघ. खाली त्याने लिहिलं होतं, "माकूल घाबारला काय काळा पानी सोडता." तेही मी लाल पेनने शुद्ध केलं. एवढं जिवंत वाक्य त्या दिवशी वर्गात दुसऱ्या कोणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही आली ती दोन पाय खोडून. इतकं घासलेलं की कागद फाटून मागची ओळ दिसत होती.

रविवारी किनाऱ्यावर माकलं, इंग्रजीत स्क्विड म्हणतात ती, मिळाली. ओट्यावर साफ करायला घेतली आणि हात थांबला. आठ आखूड आणि दोन चांगले लांब, त्या दोघांना टोकालाच तेवढ्या चूषकांच्या वाट्या. दहा. तो माकूल काढत होता, रोज पहाटे जाळ्यात बघतो तो, आणि मी त्याला न पाहिलेल्या ऑक्टोपसचे आठ शिकवत होते.

डी. एड.ला माझ्या सराव पाठानंतर तू म्हणाली होतीस, "उत्तर आधीच ठरवून आलीस तर पोरांना विचारतेस कशाला?" आठ दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. खरं होतं गं ते.

सोमवारी ताटलीत माकूल घेऊन गेले. वर्गासमोर त्याला सांगितलं, तू बरोबर होतास, मी चुकले. त्यानेच मग साफ करून दाखवलं. अंगातली ती पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी अलगद ओढून काढली, शाईची पिशवी न फोडता. समुद्रफेस माकलाचा नव्हे, त्याच्या चुलतभावाचा, हेही त्याच्याकडूनच कळलं. आपण लहानपणी पाटीवर घासायचो तो! सगळी पोरं ताटलीभोवती गोळा झाली होती. मला वाटलं, मिटलं.

मग वह्या काढायला सांगितल्या. त्याने पेन्सिल उचलली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, पुस्तकातला काढू काय खरा?"

चार दिवस झाले, हे वाक्य जात नाही. वर्गात पाठ केल्यासारखं बोलतो आता. माझा चेहरा बघून उत्तर देतो. तुला किती दिवस लागले होते गं? की अजून हिरवीच रंगवतेस? पूर्वी कधी विचारलं नाही, आता विचारते, आणि खरं सांग.

तुझा नवा फ्लॅट लागला का एकदाचा? सासूबाईंना नमस्कार. चिनूच्या दहावीचं टेन्शन तू घेऊ नकोस.

फेब्रुवारीत ये. आंबे मोहरून पालवीही असेल. रंगपेटी आण, आणि चौथीच्या वर्गात एक तास बस. त्याच्या शेजारी.

तुझी,
वंदी