लॅझेनबीला काढले नव्हते

महोदय,
जेम्स बाँडचा विषय निघाला की त्याची भूमिका करणाऱ्या जॉर्ज लॅझेनबीला एका चित्रपटानंतर काढून टाकले, असे सर्रास छापून येते. हे साफ चूक आहे. निर्मात्यांनी त्याच्यापुढे सात चित्रपटांचा करार ठेवला होता. 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' (१९६९) प्रदर्शित होण्याआधीच त्याने स्वतः भूमिका सोडली. हिप्पींच्या जमान्यात सुटाबुटातला हेर कालबाह्य ठरेल, हा सल्ला त्याचा एजंट रोनन ओ'राहिली याचा. तो सल्ला साफ फसला. प्रीमियरला लॅझेनबी लांब केस आणि दाढी राखून आला, त्यामुळे निर्माते आणखी दुखावले.

याची झळ कथेलाही बसली. चित्रपटाच्या शेवटी बाँडची नवविवाहित पत्नी ट्रेसी गोळी लागून मरते. मॉडेलिंगमधून आलेल्या, अभिनयाचा जवळपास अनुभव नसलेल्या लॅझेनबीने तो प्रसंग विलक्षण संयमाने केला आहे. पुढच्या चित्रपटात (१९७१) आधीचा बाँड शॉन कॉनरी परतला, साडेबारा लाख डॉलर मानधन घेऊन. त्यात ट्रेसीचे नावही येत नाही. तिच्या मृत्यूच्या सूडाची दमदार कथा तिथेच विरली. कॉनरीने मात्र ते मानधन स्कॉटलंडमधील शिक्षणविषयक न्यासाला दिले.