गुरुवारचं लग्न बुधवारी

दांडिया बाजार, बडोदा

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

आंबे पोचल्याचा दादाचा निरोप मिळाला. बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकते. बाकी ख्यालीखुशाली फोनवर होतेच. पत्र अशासाठी, की थोडं लांबण लावून काही सांगायला घेतलं की तुम्ही "बरं, ठेवतो आता" म्हणून मोकळे होता.

मी 'रोमिओ अँड ज्युलिएट' वाचलं. हो, या वयात, पहिल्यांदा. तुमच्या नातीला घेऊन मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले होते. ती तिथल्या काचेच्या फरश्या बघून हरखली आणि मी हे पुस्तक घेऊन आले. इंग्रजी आहे, पण खाली टिपा आहेत. पहिले दोन अंक पानापानाला अडखळत गेले, मग आपसूक सुटत गेलं.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते. दोन घराण्यांचं वैर, चोरून लग्न, विष, खेळ खलास. हिंदी सिनेमाने ती इतक्या वेळा दाखवलीय की यात नवीन काय निघणार असं वाटलं होतं. पण हे सगळं किती दिवसांत होतं माहीत आहे? रविवारी रात्री मेजवानीत दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघतात, सोमवारी दुपारी लग्न, गुरुवारी पहाटे दोघंही मेलेली! ज्या जुन्या इंग्रजी काव्यावरून शेक्सपिअरने हे घेतलं, ते १५६२ सालचं. त्यात हीच गोष्ट नऊ महिने चालते आणि मुलगी सोळा वर्षांची आहे. यानं नऊ महिन्यांचे चार-पाच दिवस केले आणि मुलीला चौदावंसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. आपल्या घरात त्याच वयाची एक आहे. खोली आवर म्हटलं तर तिला आठवडा लागतो. तिचं मत विचारलं, तर म्हणाली, "याचं आधी दुसरीवर होतं ना? सकाळी तिच्यासाठी रडत होता." आहेच तसं. रोझलाइन नावाची मुलगी, जी नाटकात एक वाक्यही बोलत नाही.

आई, तुला त्यातली दाई फार आवडेल. ज्युलिएटला हिनंच अंगावर पाजलेलं. हिची स्वतःची लेक, सुझन, त्याच वयाची, ती गेलेली. ज्युलिएटच्या आईला मुलीशी लग्नाचं बोलायचं असतं म्हणून ती दाईला बाहेर घालवते आणि लगेच परत हाक मारते, "ये गं, तूही ऐक." पोटच्या पोरीशी एकटीनं बोलायचं कसं, हे तिला कळत नाही. मग दाई जी सुरू होते! भूकंप झाला त्याला अकरा वर्षं, त्याच दिवशी मी हिला अंगावरून तोडली, कडू औषध लावून, कबुतरखान्याच्या भिंतीशी उन्हात बसले होते... तू "पानशेतच्या साली" म्हणून सुरू होतेस ना, थेट तसंच. मालकीणबाई पुरे म्हणते तरी ही तोच विनोद पुन्हा सांगते. पुढे हीच दाई ज्युलिएटला म्हणते, तो रोमिओ तर हद्दपार झाला, तू आपली त्या दुसऱ्या स्थळाला हो म्हण. मला तिचा राग आला. आमच्या बा, म्हणजे सासूबाई, हिंचक्यावर बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, बिचारीला त्याच घरात राहायचं होतं.

बांना मी रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगत होते. ज्युलिएट मेली नाही, औषधाने नुसती बेशुद्ध आहे, ही लग्न लावणाऱ्या पाद्र्याची चिठ्ठी रोमिओला पोचतच नाही, तिथे आले, तर त्या हिंचका थांबवून म्हणाल्या, "पण कागळ कोनी साथे मोकल्यो?" पत्र पाठवलं कुणाबरोबर, नेमकं तेच! बाबा, तुम्ही असता तर त्या पाद्र्याला चार्जशीटच दिली असतीत. तो आधी रोमिओला सांगतो की तुझ्याच नोकराकरवी बातम्या कळवत राहीन, आणि ऐन वेळी पत्र देतो दुसऱ्याच एका साधूकडे. तो साधू सोबती शोधायला एका घरी जातो, साथीच्या संशयावरून गावचे पहारेकरी घराची दारं बंद करून टाकतात, पत्र तसंच परत. २०२० च्या आधी वाचलं असतं तर हे ओढूनताणून जुळवलेलं वाटलं असतं. नाटक लिहिलं गेलं त्याच्या थोडं आधी लंडनमध्ये प्लेगमुळे नाटकगृहंही बंद होती, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना त्यात काहीच विशेष वाटलं नसेल. इकडे तो नोकर मात्र ज्युलिएट गेल्याची खोटी बातमी घेऊन घोड्यावरून केव्हाच पोचलेला असतो.

पण मला खरं लिहायचंय ते ज्युलिएटच्या वडिलांबद्दल. पहिल्या अंकात स्थळ येतं तेव्हा हा गृहस्थ म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, तिचं मन वळवा, माझा होकार हा तिच्या होकाराचा एक भाग. किती शहाणा बाप! मग रोमिओच्या हातून घरच्या भाच्याचा खून होतो आणि याचा तोल जातो. रात्री बसल्या बसल्या विचारतो, आज वार कोणता? सोमवार? बुधवार फार जवळचा होईल, गुरुवारी उरकू. मुलगी नाही म्हणते, तर तिला म्हणतो, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. ती खोटं खोटं हो म्हणते, तर खुशीत येऊन लग्न आणखी एक दिवस अलीकडे ओढतो. म्हणून तिला बेशुद्धीचं औषध एक रात्र आधी घ्यावं लागतं. रात्रभर हा स्वयंपाकघरात लुडबुडतोय, मांसाच्या पदार्थांत खर्चाकडे बघू नका म्हणतोय, दाई त्याला झोपायला पिटाळतेय, आणि वर पोरगी निपचित पडलेली. ते पान मी दोनदा वाचलं. त्याला दुष्ट म्हणवत नाही हो. दुःखाच्या घरात काहीतरी चांगलं घडावं एवढंच त्याला हवं होतं.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी यांच्याबद्दल सांगितलं, गुजराती आहेत, म्हटलं, तर तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, "दिवाळी होऊ दे, मग बघू." दिवाळी झाली, मग संक्रांत, मग आजीचं वर्षश्राद्ध. ना हो, ना नाही. मी उशीत तोंड खुपसून रडायचे, आई मध्येच येऊन दूध ठेवून जायची. तेव्हा ते "बघू" डोक्यात जायचं, अजूनही थोडं जातंच. पण पळून जावं असं काही मनात आलं नाही, कारण दार बंद आहे असं कधी वाटलंच नाही.

आता इतक्या वर्षांनी एक सांगा. श्राद्धाचं कारण खरं होतं, की तुम्ही वेळ काढत होतात? आई, ते टाळाटाळ करायला लागले तर तू लिही, तुला माहीत असणार.

बा जय श्रीकृष्ण सांगतात. लीलो चेवडो शेजारच्यांबरोबर पाठवतेय, दादाच्या हाती लागू देऊ नका.

तुमची,
बेबी