जेरुसलेममध्ये धावून आलेल्यांचे आभार

जेरुसलेमच्या जुन्या शहरात जाफा गेटमधून शिरताना सुलतान सुलेमानाने सोळाव्या शतकात बांधलेला तट आमचा सगळा ग्रुप बघतच राहिला. आत मात्र गल्लोगल्ली पायऱ्या, दगड झिजून गुळगुळीत झालेले. व्हाया डोलोरोसावर, म्हणजे येशूला क्रूसाकडे नेलं असं मानतात त्या वाटेवर, आमच्या काकूंचा पाय मुरगळला. समोरच्या मसालेवाल्या दादांनी लगेच स्टूल आणून दिलं, पुदिन्याचा चहा पाजला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. दोन शाळकरी पोरांनी काकूंना हात धरून होली सेपल्कर चर्चपर्यंत नेलं. ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी तर ‘मराठी का तुम्ही?’ म्हणत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजीच भेटल्या! आमचं दर्शन होईपर्यंत त्या काकूंजवळ बसून अलिबागच्या गप्पा मारत होत्या. गडबडीत कुणाचंच नाव विचारायचं राहिलं. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काकूंचा पाय आता बरा आहे.