ग्रीनब्रायरचे भूत आणि उलटतपासणी

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ग्रीनब्रायरची ‘भुताच्या साक्षीवर जन्मठेप’ ही गोष्ट वाचली. कोर्टात साक्षी उतरवून घेण्यात हयात गेली, म्हणून राहवत नाही.

वेस्ट व्हर्जिनियात जानेवारी १८९७ मध्ये झोना ही नवविवाहिता मेली. नवरा ट्राउट शू लोहार. त्याने प्रेताला स्वतःच्या हाताने उंच कॉलरचा पोशाख चढवला आणि डॉक्टरला मान नीट तपासू दिली नाही. आई मेरी जेन हीस्टर म्हणाली, मेलेली मुलगी चार रात्री येऊन, नवऱ्यानेच मान मोडून मारले, असे सांगून गेली, आणि ते स्वप्न नव्हते. फेब्रुवारीत प्रेत उकरले. मान मोडलेली निघाली.

आता गंमत बघा. सरकारी वकिलाने भुताचा विषय काढलाच नाही! तो काढला आरोपीच्या वकिलाने, उलटतपासात, म्हातारीला खोटी पाडायला. बाई तसूभर हलली नाही. असे नको ते प्रश्न विचारून स्वतःच्याच अशिलाला गोत्यात आणणारे वकील मीही पाहिलेत.

तिथल्या सरकारी फलकावरही भुताच्याच साक्षीचे कौतुक आहे. शूची आधीची दोन लग्ने, त्यातली दुसरी बायकोही वर्षाच्या आत मेली होती, याचा मात्र तुमच्या लेखात उल्लेखही नाही.

– एक निवृत्त लघुलेखक, सातारा